उन्हात पाहा

"दिव्यात नका पाहू ताई. उन्हात पाहा."

एवढं म्हणून काका गादीवरून उठायचे, साडी हातावर घेऊन दुकानाच्या पायरीवर यायचे आणि रस्त्यावरच्या उजेडात पदर उलगडायचे. मग तोच पदर स्वतःच्या डाव्या खांद्यावर टाकायचे, दोन बोटांनी चापून बसवायचे आणि गप्प उभे राहायचे. जुन्या जालन्यातल्या भर गर्दीत, रिक्षा आणि मोटारसायकली अंगाला घासून जाताहेत, आणि पिकल्या मिशीचा माणूस खांद्यावर शालू घेऊन उभा आहे, हे तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी पाहिलं असेल. त्यांना कोणी हसलेलं मला आठवत नाही. बायका फक्त रंग पाहायच्या.

दुकान दुसऱ्याचं. काका मूळचे राजूरकडचे, तरुणपणी नोकरीला लागले ते तिथेच साड्या दाखवत राहिले. राहायला आमच्या समोरच. घरात काकू आणि एकुलती एक मुलगी, मनीषा. तिचं लग्न भोकरदनला ठरलं होतं. वैशाखातला मुहूर्त होता, पत्रिका छापून आल्या होत्या, आणि मार्च संपायच्या आत करोनामुळे सगळं बंद झालं.

मी कॉलेजच्या ऑफिसात काम करते. मला रिकामा वेळ सहन होत नाही, म्हणून मी लगेच कामांची यादी करून फ्रिजवर लावली. माळा, कपाटं, डाळींचे डबे, मुलाचं गणित, नवऱ्याचं चालणं. समोरच्या घरात मात्र काकांचे हात मोकळे पडले होते आणि त्याचा त्रास काकूंना होत होता. काकांचे घरातले टॉवेल घडी करून झाले, चादरी झाल्या, मग जुनी वर्तमानपत्रं झाली. काकू ओट्यावरून मला ओरडून सांगायच्या, "ताई, सगळं झालं यांचं. आता माझी घडी घालून कपाटात ठेवायची तेवढी राह्यली."

"ती बसन का पण कपाटात," आतून काका म्हणायचे.

मग त्यांना काम सापडलं, तेही माझ्याच कपाटातून. मी साड्या आवरत होते आणि खिडकीतून ते पाहत होते. त्यांना राहवलं नाही.

"ताई, ती जांभळी कवापासून एकाच घडीवर हाय?"

"लग्नापासून असेल."

"मंग फाटली समजा. रेशीम घडीवर इरतं. आणा इकडं."

मी ती स्वच्छ चादरीत बांधून त्यांच्या ओट्यावर ठेवली आणि मागे सरकले. त्यांनी दिवसभर तिला सावलीत हवा लागू दिली, संध्याकाळी हलक्या हाताने वेगळ्या रेषांवर नवी घडी घातली आणि आत कडुनिंबाचा वाळला पाला ठेवला. गल्लीतल्या बायकांनी ते पाहिलं. आठवड्याभरात त्यांच्या ओट्यावर गाठोडी येऊ लागली. काका सकाळी आंघोळ करून, दुकानात जायचा तोच सदरा घालून ओट्यावर बसायचे. ज्या साड्या त्यांनीच कधीतरी खांद्यावर टाकून दाखवल्या होत्या, त्या पुन्हा हातात आल्या की त्यांचा चेहरा उजळायचा, पण बहुतेक साड्या जशा गेल्या तशाच परत आलेल्या बघून ते चिडायचेही. "नेसायला देल्ती का ठेवायला?"

शेवटी त्यांनी अट घातली. घडी बदलून देईन, पण शनिवारी संध्याकाळी जिने तिने आपापल्या दारात ती साडी नेसून बसायचं. माझ्या यादीबद्दल काकूंकडून त्यांना कळलं होतं. मला म्हणाले, "ताई, तुमच्या कागदावर नेसायचं कुठंच न्हाई. ते लिव्हा बराबर वरती." मी लिहिलं.

त्या शनिवारी आमच्या गल्लीत काठापदराच्या साड्या नेसून बायका गवार निवडत होत्या. शेजारच्या वहिनी शालू खोचून अंगण झाडत होत्या. गस्तीवरच्या पोलिसाने मोटारसायकल थांबवली.

"लग्न कोणाचं हाय? परमिशन दाखवा."

"लग्न न्हाई साहेब. भाजी निवडून राह्यलो," वहिनी म्हणाल्या.

तो बिचारा एकेका दाराकडे पाहत गेला. गल्ली कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसली.

फक्त काकू रोजच्याच सुती पातळात बाहेर आल्या. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग एका गाठोड्याचा सुटलेला दोरा गुंडाळू लागले.

गोष्ट अशी होती. मनीषाच्या लग्नासाठी काकांनी काकूंना साडी घेतली होती. इतकी वर्षं ते दुसऱ्यांच्या बायकांसाठी साड्या खांद्यावर टाकत आले, घरी मात्र काकू म्हणतील ते आणायचं, आणि काकू नेहमी म्हणायच्या, सुती आणा, धुवायला बरं. ही पहिलीच त्यांनी स्वतः निवडलेली. काकूंनी ती मला कपाटापाशी, ट्यूबलाइटखाली दाखवली. रेशमी, बारीक जरीच्या काठाची.

"चाकलेटी हाय न्हाई?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "एवढं आयुष्य साड्यांत गेलं आन् मला चाकलेटी आणली."

मलाही ती चॉकलेटीच दिसली.

"चाकलेटी बिलकुल न्हाई," बाहेरून काका म्हणाले. "उन्हात पाहा म्हणलं हिला. एक बार नेसून दारात उभी राह्य. तवा कळन."

"लग्नातच नेसीन. आधीच घडी मोडली तं लग्नात काय नेसू?"

"मी पाहीन का न्हाई पण?"

"तुम्ही कुठं चाल्ले?"

हे बोलणं मी पुढे कितीदा तरी ऐकलं. वैशाख गेला. लग्न दिवाळीनंतर ढकललं, तेव्हा नवऱ्या मुलाचे आजोबा वारले. मग पुढच्या उन्हाळ्यावर टाकलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा दुकानांची शटर खाली आली. मधल्या काळात काका दर थोड्या दिवसांनी ती साडी बाहेर काढायचे, उलगडायचे, घडी बदलायचे आणि परत ठेवायचे. काकूंना आता आग्रह करत नव्हते. मला मात्र एकदा म्हणाले, "ताई, गिऱ्हाइकाला रंग पटला न्हाई तं दुसरी दाखवता येती. हिला काय दाखवू?"

त्या दुसऱ्या उन्हाळ्यात काकांना ताप आला. दोन दिवसांत दम लागू लागला आणि त्यांना दवाखान्यात नेलं. काकूंचा आणि मनीषाचा रिपोर्ट चांगला आला, पण वॉर्डात कोणालाच जाऊ देत नव्हते. मी रोज स्कूटरवरून फाटकापर्यंत डबा पोचवायचे. पहिल्या मजल्यावरची एक खिडकी गाडीतळाच्या बाजूला उघडत होती. सिस्टरच्या आधाराने काका कधीकधी तिथे येऊन हात वर करायचे. मग तेही बंद झालं. डबा तसाच परत येऊ लागला. मनीषाने फोनवर डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, पाहू, आज जमलं तर दुपारी खिडकीपाशी आणू, फार वेळ नाही.

मी डबा घ्यायला गेले तेव्हा काकू कपाटासमोर उभ्या होत्या. साडी काढून पलंगावर ठेवलेली.

"ताई, नेसवून दे. माझ्यानं निऱ्या बसून न्हाई राह्यल्या."

मनीषा म्हणाली, "आई, लग्नात नेसायची होती ना?"

"लग्न कुठं पळून चाल्लं?" काकू म्हणाल्या.

मी निऱ्या घातल्या. मनीषाने खाली बसून काठ सारखा केला. मग मी काकूंना मागे बसवून निघाले. नाक्यावरच्या हवालदाराने रेशमी साडी पाहिली, मांडीवरचा डबा पाहिला आणि काहीच न विचारता बाजूला झाला.

जालन्यातलं मे महिन्याचं ऊन तुम्हाला माहीत आहे. मी काकूंना गाडीतळातल्या कडुनिंबाखाली उभं केलं. बराच वेळ खिडकी रिकामी होती. मग सिस्टर दिसल्या आणि त्यांच्या खांद्याला धरलेले काका. तोंडावर मास्क, अंगावर दवाखान्याचे कपडे, मिशी दिसत नव्हती. त्यांनी खाली पाहिलं. काकूंनी पदर सावरला. काकांनी काचेवर बोटांनी टकटक केली आणि हात बाहेरच्या बाजूला हलवला.

"जा म्हणून राह्यले का?" काकू घाबरल्या.

"नाही काकू," मी म्हणाले. "उन्हात या म्हणताहेत."

काकू झाडाखालून बाहेर आल्या. साडी पेटल्यासारखी दिसली. डाळिंबाचे दाणे असतात ना, तशी, आणि वळली तिथे तिच्यात शेंदरी झाक. मी चाट पडले. काकूंनी स्वतःचा पदर हातात घेऊन पाहिला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "हे तं चाकलेटी न्हाईच."

वर काकांनी एक बोट गोल फिरवलं. दुकानात गिऱ्हाइकाला सांगायचे तसं, वळा, मागून पाहू द्या. काकू त्या गाडीतळात, अॅम्ब्युलन्सच्या शेजारी, हळूहळू गोल फिरल्या. पुन्हा समोर आल्या तेव्हा काकांनी आपल्या डाव्या खांद्यावर दोन बोटं ठेवली आणि चापून बसवली. काकूंनी तसाच आपला पदर बसवला. मग सिस्टरने काकांना आत नेलं.

त्याच आठवड्यात काका गेले. आम्हाला कोणालाच जवळ जाता आलं नाही.

मनीषाचं लग्न पाऊस संपल्यावर झालं, घरापुढेच, मोजक्या माणसांत. सकाळी काकू तीच साडी नेसून बाहेर आल्या. त्यांच्या थोरल्या जाऊबाई कोणाच्या तरी कानात काहीतरी म्हणाल्या. काकूंनी ऐकलं असावं. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा त्या मांडवाच्या कडेला, कापड संपतं त्याच्या बाहेर उभ्या होत्या.

मी म्हणाले, "काकू, आत या ना. सावली आहे."

"राहू दे ताई," त्या म्हणाल्या. "इथं रंग बराबर दिसून राह्यला."