मबरूकाच्या ट्रॉलीचे दिवे

जर्जीस गावाच्या बाहेर, ऑलिव्हच्या घाण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर खमाइसचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली आणि दारात तुतीचं झाड. गाड्यांचे दिवे, हॉर्न, पिकअपच्या मागे ओढायच्या ट्रॉल्यांचं वायरिंग, ही त्याची कामं. काम चोख होतं, याबद्दल गावात दुमत नव्हतं. माणूस कसा आहे याबद्दलही नव्हतं. महासंशयी.

गिऱ्हाईक आलं की तो आधी गाडीची किल्ली मागून स्वतःच्या खिशात टाकायचा. "मागचा दिवा लागत नाही," असं कोणी म्हटलं की विचारायचा, "कोण म्हणतं?" "मी म्हणतो." "तू पुढे बसून गाडी चालवतोस. मागचं तुला कोणी सांगितलं? त्याचं नाव सांग." पाववाल्याकडून पाव घेतला तर हातात तोलून बघे. बायकोनं, ज़हरानं, चहा पुढे ठेवला तर आधी वास घेई.

"आज साखर कमी का?"

"विष जरा जास्त पडलं," ज़हरा म्हणे. "साखरेला जागाच उरली नाही."

पण हाच स्वभाव धंद्यात त्याला उपयोगी पडला, असंही म्हणावं लागेल. आपल्याकडे मिठागरावरून वारा येतो. तो तांब्याची तार आतून खातो आणि वरचं आवरण तसंच नवं कोरं ठेवतो. दुसरा कारागीर नवा बल्ब बसवून पैसे घेऊन मोकळा होतो. खमाइस मात्र दुसऱ्यानं गुंडाळलेली प्रत्येक चिकटपट्टी सोलायचा. "पट्टीखाली पाप असतं," म्हणायचा. ऑलिव्हची तोडणी सुरू व्हायच्या आधी येईल-जाईल त्याला बजावायचा, "दिव्यांची झाकणं उघडा, आतला हिरवा गंज खरवडा, व्हॅसलीन लावा, वायर लोंबू देऊ नका." लोक हसायचे आणि तसंच करायचे.

त्या वर्षी तोडणीच्या ऐन भरात त्याचा मेहुणा बलगासिम ट्रॉली घेऊन आला. बलगासिम म्हणजे धाकट्या बहिणीचा, मबरूकाचा नवरा. ट्रॉलीही मबरूकाचीच म्हणायची. वडील नव्हते, म्हणून तिच्या लग्नात खमाइसनं ती दिली होती. जुनं लोखंड आणून सांगाडा जोडून घेतला होता आणि वायरिंग स्वतःच्या हातानं केलं होतं.

"उजवीकडे वळायचं दाखवलं तर डावा दिवा लुकलुकतो," बलगासिम म्हणाला. "ब्रेक दाबला तर सगळेच मिणमिणतात, हुडहुडी भरल्यासारखे. चौकातल्या हवालदारानं अडवलं."

"हवालदारानं कशावरून अडवलं? तुझं तोंड बघून अडवलं असेल."

खमाइसनं रिवाजाप्रमाणे ट्रॉली पिकअपपासून सोडवली. दोन गाड्या म्हणजे दोन संशयित, दोघांची जबानी वेगवेगळी घ्यायची. पिकअपच्या मागे जो लोखंडी गोळा असतो, ज्यावर ट्रॉलीचं तोंड बसतं, तो तेलकट, मातकट झाला होता. खमाइसला घाण खपत नसे. त्यानं तो फडक्यानं पुसला, पॉलिश पेपरनं घासून लख्ख केला. मग पिकअपचा प्लग तपासला, ट्रॉलीचे बल्ब तपासले, दिव्यांची झाकणं उघडून पाहिली. परत जोडलं. उजवा म्हटलं की उजवा, डावा म्हटलं की डावा, ब्रेक म्हटलं की दोन्ही लालभडक.

"डोळे तपासून घे," तो म्हणाला.

आठवड्यानं बलगासिम पुन्हा हजर. तीच तक्रार. पुन्हा सोडवणं, पुसणं, जोडणं. पुन्हा दिवे शहाण्या मुलांसारखे.

तिसऱ्या वेळी तो आला तेव्हा पिकअपचं दार त्यानं इतक्या जोरात आपटलं की तुतीवरची पाखरं उडाली. हवालदारानं शेवटची ताकीद दिली होती. पुन्हा दिवे चुकीचे दिसले तर ट्रॉली जप्त. झाडाखाली ढीग पडलेत, घाण्यावरचा नंबर एकदा गेला की ऑलिव्ह पोत्यात आंबणार, वर्षाचं तेल जाणार.

खमाइसनं सगळं पुन्हा केलं. दिवे लागले.

"वा, सी खमाइस!" बलगासिम म्हणाला. एरवी तो त्याला 'खूया', भाऊ, म्हणायचा. आज मुद्दाम 'सी', साहेब. "तुमच्या दारात लागतात आणि रस्त्यावर विझतात. दिवे तुम्हाला घाबरतात की काय?"

"दिवे घाबरत नाहीत. कोणीतरी माझं नाव खराब करतंय."

"कोण?"

"घाण्यासमोर वजदीनं नवं दुकान टाकलंय. मोठी पाटी लावलीय. त्याच्याकडे तू चहा पिताना दिसलास."

बलगासिम बघतच राहिला. "चहा प्यायलो. वायर नाही प्यायलो!"

"इथून जाताना दिवे बरे असतात, परत येताना बिघडलेले. मधे कोणाचा हात लागतो? मला एवढं कळत नाही?"

"तुला एवढंच कळतं! आईच्या पोटातून बाहेर येतानासुद्धा सुईणीचा संशय घेतला असशील!"

"मग जा वजदीकडे. माझ्या दारात पुन्हा पाय ठेवू नकोस."

"नाही ठेवणार," बलगासिम म्हणाला. "आणि मबरूकाही नाही ठेवणार."

मबरूका दर शुक्रवारी भावाकडे कुसकुस खायला यायची. त्या शुक्रवारी ज़हरानं मोठं पातेलं उतरवून मधे ठेवलं, मबरूकाचा चमचाही ठेवला. तो चमचा कोणी उचलला नाही. खमाइसनं भोपळ्याची फोड इकडून तिकडे केली.

"चार हात वायरीपायी बहीण घालवलीस," ज़हरा म्हणाली.

"मी घालवली? मला शोधून काढू दे कोणी घालवली ते."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं दुकान बंद केलं आणि मोपेडवरून बलगासिमच्या बागेकडे गेला. निवडुंगाच्या कुंपणामागे मोपेड आडवी केली आणि उकिडवा बसला. ट्रॉली पोत्यांनी भरलेली होती. पिकअप तिच्या तोंडाशी आणून ठेवलेली, अजून जोडलेली नव्हती. बलगासिम आणि तोडणीची माणसं पलीकडे झाडाखाली जेवत होती. वजदी आला तर आत्ताच येणार, खमाइसला खात्री होती.

वजदी आला नाही. घरातून मबरूका आली. एका हातात वाटी, दुसऱ्या हातात चिंधी. तिनं जेवणाऱ्यांकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं आणि पिकअपच्या मागे जाऊन वाकली.

खमाइसनं मान उंच केली. हिचा हात! नवऱ्यानं शिकवलं असणार. किंवा हिलाच नवी ट्रॉली हवी असणार, भावानं दिलेली जुनी झाली असणार. किंवा लग्नात दिलेलं कमी वाटलं असणार आणि इतकी वर्षं मनात धरून ठेवलं असणार. वायरीत शॉर्ट शोधावा तसा तो एकेक गाठ सोडवत मागे मागे गेला आणि प्रत्येक गाठीत त्याला काहीतरी काळं दिसत गेलं. शेवटी राहवेना. तो उठला. निवडुंगानं पॅन्ट धरली, ती टरकन फाटली, पण तो थांबला नाही.

"काय कापतेस? हात दाखव!"

मबरूका दचकली, वाटी हिंदकळली. "खूया! तू कुंपणातून कुठून उगवलास? आणि ही पॅन्ट..."

"पॅन्ट राहू दे. हात!"

तिनं हात पुढे केले. मनगटापर्यंत हिरवं, दाट, नवं तेल.

"यंदाच्या पहिल्या घाण्याचं आहे," ती म्हणाली. "बरकतीचं. आई काय करायची विसरलास? दाराला, नांगराला, उंटाच्या गळपट्टीला. तू पहिली सायकल आणलीस तेव्हा हँडलला लावलं होतं आणि तू हात सटकून पडला होतास. आता उंट नाही, मग ओझं जिथून ओढलं जातं तिथे लावते. प्रत्येक खेपेआधी."

"मग चोरासारखी का बघत होतीस?"

"नवरा हसतो मला, म्हणून." तिचा आवाज बदलला. "आणि खरं सांगू? तुझ्या दुकानातून गाडी आली की गोळा कोरडा ठणठणीत. तीनदा. पेपरनं घासलेला. मला वाटलं, तू मुद्दाम पुसतोस. आमची बरकत तुला बघवत नाही असं वाटलं मला."

खमाइसवर असा संशय आजवर कोणी घेतला नव्हता. त्यानं गोळ्यावर बोट फिरवलं. तेल, त्यावर बागेतली धूळ, त्यावर पुन्हा तेल. चांगला जाड डिंक झाला होता.

आता त्याला सगळं दिसलं. दिव्यापर्यंत वीज जाते तशी तिला परत यायलाही वाट लागते. इथे ती गोळ्यातून परत येत होती. तो गोळा घासायचा, वाट मोकळी. बहीण तेल लावायची, वाट बंद. मग वीज दुसऱ्या दिव्यातून वाट काढायची आणि उजव्याऐवजी डावा लुकलुकायचा.

म्हणजे दोष तेलाचा. मबरूकाचा. तिच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण ती हळूच म्हणाली, "यानंच बिघडत होतं का रे? मीच बिघडवत होते?"

"हो" म्हटलं की सगळं मिटत होतं. पण वीज गोळ्यातून परत येतच का होती? तिच्या परतीसाठी त्यानं वेगळी पांढरी तार ठेवली होती, प्लगपासून ट्रॉलीच्या सांगाड्यापर्यंत, स्क्रूनं आवळून. तीन वेळा त्यानं सगळं तपासलं आणि ती तार तेवढी उघडली नाही. ती त्याच्या स्वतःच्या हातची होती.

तो ट्रॉलीखाली शिरला. स्क्रूवर रंगाचे थर चढले होते. त्याच्या हातानं गुंडाळलेली पट्टी अजून जागेवर होती. सोलली. पेचकसचं टोक लागताच तारेचं टोक हिरव्या भुकटीसारखं गळून त्याच्या कपाळावर पडलं.

"कोण आहे रे खाली?" बलगासिम काठी घेऊन धावत आला होता. मग थांबला. "हे फाटके पाय ओळखीचे वाटतात."

"मी तेल लावत होते," मबरूका घाईनं म्हणाली. "त्यानं दिवे..."

"तेलाचा काही दोष नाही," खालून आवाज आला. "पांढरी तार कुजली. मी लावलेली. तीनदा आलास, तीनदा मी ती सोडून सगळं पाहिलं."

"हे तू म्हणतोयस?" बलगासिमनं वाकून खाली पाहिलं. "तुला काय हवंय?"

"काही नको."

"कोणी बघतंय का? वजदीनं काही सांगितलंय?"

"शुक्रवारी हिला पाठव. बस."

"आणि मी?"

"तू आलास तर किल्ली माझ्याकडे देऊन आत यायचं."

बलगासिम हसला, पण काठी त्यानं अजून खाली ठेवली नव्हती.

खमाइसनं मोपेडच्या पेटीतून नवी तार काढली. आता सांगाड्यावर भरवसा नको. प्लगपासून थेट प्रत्येक दिव्यापर्यंत परतीची वेगळी तार ओढली, टोकांना कथील लावलं, जोडांना व्हॅसलीन, आणि सगळं नळीत घालून बांधून टाकलं. उन्हं उतरली तेव्हा हात पुसत मबरूकाला म्हणाला, "आता गोळ्याला तेल लाव, मध लाव, हरिसाची तिखट चटणी लाव."

"हरिसा तुझ्या जिभेला लाव," ती म्हणाली आणि वाटीतलं उरलेलं तेल तिनं त्याच्या मोपेडच्या हँडलला पुसलं.

संध्याकाळच्या खेपेला बलगासिम घाण्याकडे निघाला. चौक गेला. हवालदारानं ट्रॉलीकडे पाहिलं आणि दुसरीकडे तोंड फिरवलं. पुढे रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना बागा, वळण कुठेच नाही. बलगासिमला आरशात एकच एक दिवा दिसला. बराच वेळ मागे मागे येत होता, पुढे जात नव्हता. कोण असावं याचा त्याला संशय आला आणि मग संशय राहिला नाही.

त्यानं वळण नसताना उजवा दिवा लावला. उजवाच लागला. मग डावा. मग ब्रेक, दोन्ही लालभडक. मग पुन्हा उजवा, पुन्हा डावा, लग्नाच्या वरातीसारखा.

"पुढे बघ, गाढवा!" मागून मोपेडवरून आवाज आला.

घाण्यावर पोहोचल्यावर खमाइस उतरला, दोन्ही दिव्यांवर हात ठेवून पाहिला, वाकून वायर ओढून पाहिली. गोळ्यावरून तेलाचा एक ओघळ खाली येत होता. त्याचा हात खिशातल्या फडक्याकडे गेला आणि खिशातच थांबला.

"बसला का विश्वास?" बलगासिमनं खिडकीतून विचारलं.

"पोती उतरव," खमाइस म्हणाला. "रिकाम्या ट्रॉलीचं अजून पाहिलेलं नाही."