विश्वकर्म्यासमोरचा नग

नोकरीतल्या बऱ्याच केसेस विसरलो, पण मध्य प्रदेशातल्या बालाघाटची ती घटना आजही जशीच्या तशी आठवते, कारण तिच्यात थोडी चूक माझीही होती.

मी तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. खाणीच्या वर्कशॉपात लेथ चालवून निवृत्त झालेला एक टर्नर सकाळीच आला. म्हणाला, "साहेब, बायपासवरच्या लेथवर पंपाचे पार्ट बनून राह्यले, विदेशात चालले म्हन्तेत. पन पंपाले इतकं बारीक माप कोनी मांगत नाई. मले तं हे हत्याराचं काम वाटते."

शस्त्राचा सुटा भागदेखील परदेशी पाठवायचा तर केंद्र सरकारचा परवाना लागतो. माल शेवटी कोण वापरणार, याचा दाखलाही लागतो. माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याकडे यातले काहीच नव्हते. होती फक्त पोलिसांची चारित्र्य पडताळणी. तिच्यावर 'आक्षेपार्ह काही नाही' असा शेरा मीच, खुर्चीतून न उठता मारला होता. फाईल पाहून लाज वाटली.

चौकशीत व्यापाऱ्याने "साहब, पंप का सामान है" एवढेच धरून ठेवले. लेथवाल्याला दिलेले भागांचे नकाशे त्याने परत नेले होते. तयार मालाच्या पेट्या नागपूरला सीलबंद होत्या आणि दोन दिवसांत बंदराकडे निघणार होत्या. पुराव्याशिवाय त्या उघडणार कोण?

लेथवाल्याचा जबाब मी त्याच्या वर्कशॉपमध्येच घेतला. ठाण्यात माणूस गोठतो, आपल्या मशीनजवळ बोलतो. विश्वकर्म्याच्या तसबिरीखाली कुंकू लावलेले लोखंडी नग मांडलेले दिसले.

"हे काय?"

"नव्या कामाचा पयला नग देवाचा, साहेब. तो गिऱ्हाइकाले देत नाई."

"यात पंपाचा कोणता?"

त्याने एका नगावर हात ठेवला. म्हणाला, "तो देला तं मीच फसन ना?"

खोटा धीर देऊन नग मिळाला असता. मी म्हणालो, "फसालही, सुटालही. आज मला सांगता येत नाही."

तसबिरीला हात जोडून त्याने नग माझ्या हातात दिला.

पंचनामा झाला. दारूगोळ्याच्या तज्ज्ञाने पाहताच सांगितले, हा तोफगोळ्याच्या टोकाला बसणारा भाग आहे. कस्टमने पेट्या अडवल्या. जिथे त्या जाणार होत्या, त्या देशाला शस्त्रे द्यायला आपल्या सरकारची बंदी होती. व्यापारी आत गेला, लेथवाला साक्षीदार ठरला.

ही बातमी सांगायला मी स्वतः गेलो. तो हसला नाही.

"याच्या पयले दोन खेपा गेल्या ना साहेब. त्या कोनावर पडल्या असतीन?"

परवाना, दाखला, पडताळणी हे सगळे त्याचाच प्रश्न वेळेवर विचारण्यासाठी असते, हे मला निवृत्तीच्या तोंडावर एका लेथवाल्याकडून कळले. त्यानंतर जागेवर गेल्याशिवाय मी एकही शेरा लिहिला नाही. त्या दोन खेपा कुठे पोचल्या, ते मात्र आजही मला माहीत नाही.