अजून चिमूटभर

प्रस्तुत व्यक्ती पुरुष असून वय वर्षे छप्पन्न. पदनाम: श्वसनकार्य तंत्रज्ञ, श्रेणी दोन. नेमणुकीचे ठिकाण: छातीविकार विभाग, तळमजला, खोली क्रमांक अकरा. कर्तव्ये: रुग्णास श्वास आत घ्यावयास सांगणे, रुग्णास श्वास बाहेर सोडावयास सांगणे, सदर श्वासाची नोंद ठेवणे. अधिकार: निरंक. ओळखचिन्ह: आवाज.

आवाज मात्र श्रेणी दोनमध्ये बसणारा नव्हता. तो खोलीच्या दारातून बाहेर पडून बाकावर बसलेल्यांच्या अंगावरून जात असे आणि बारा पावलांवरच्या अतिदक्षता विभागाच्या काचेवर आपटून परत येत असे. या आवाजामुळेच सगळं रुग्णालय त्यांना मास्तर म्हणायचं. शाळेशी त्यांचा संबंध दहावीनंतर सुटला होता.

काम तसं सोपं. रुग्णाच्या नाकाला चिमटा लावायचा, तोंडात पुठ्ठ्याची नळी द्यायची, छातीत मावेल तेवढी हवा भरून घ्यायला लावायची आणि ती एका दमात यंत्रात फुंकायला लावायची. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली यावरून फुप्फुसाची लायकी ठरते. अडचण एवढीच की माणूस आपणहून पूर्ण श्वास कधीच घेत नाही. थोडा घेतो, झालं म्हणतो, आणि फुंकतो. आलेख दिसायला व्यवस्थित येतो. यंत्राला वाटतं, याच्या छातीत एवढीच हवा. आत शिल्लक राहिलेली हवा यंत्राला दिसत नाही. मास्तरांना दिसत असे.

"काका, आत घ्या. अजून. अजून. थांबू नका, जागा आहे, मला दिसतेय. अजून चिमूटभर. हां, फुंका! फुंका फुंका फुंका, सोडू नका, व्याही समोर उभा आहे असं समजा आणि फुंका!"

तोंडाबरोबर उजवा हातही चाले. श्वास आत जाताना तळवा छातीपासून वर चढत जायचा, खांद्यापर्यंत, कानापर्यंत, आणि 'फुंका' म्हणताच खाली कोसळायचा. ज्यांना ऐकू कमी यायचं ते हाताकडे बघून श्वास घ्यायचे. बावीस वर्षं हा हात असा वरखाली होत आला होता. रस्त्यात कुणी जांभई दिली तरी तो थोडा उचलला जातो, अशी मास्तरांच्या बायकोची तक्रार होती.

या कौशल्याचा पहिला फटका विज्ञानाला बसला.

विभागात एका नव्या औषधाचं संशोधन सुरू झालं होतं. महिन्याला एक इंजेक्शन, वर्षभर. ज्यांची फुप्फुसं फार खराब आहेत अशांना ते द्यायचं आणि त्यांना पुन्हा अतिदक्षता विभागात यावं लागतं का ते पाहायचं. निम्म्यांना औषध, निम्म्यांना मिठाचं पाणी, आणि कुणाला काय मिळालं ते रुग्णाला, डॉक्टरला, टोचणाऱ्या सिस्टरला, कुणालाच ठाऊक नाही. अज्ञान इतक्या शिस्तीत फार कमी ठिकाणी पाळलं जातं. आत घेण्याची मुख्य अट एकच होती. त्या वयाच्या आणि उंचीच्या निरोगी माणसाच्या तुलनेत फुंकर पन्नास टक्क्यांच्या खाली हवी. तीनदा फुंकायचं, सर्वांत चांगला आकडा धरायचा.

संशोधनाचे कागद सांभाळणाऱ्या मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मास्तर, चौदा पेशंट पाठवले. नऊ परत आले. सगळे पन्नासच्या वर!"

"चांगलं आहे की मग."

"काय चांगलं? बाकी रुग्णालयांनी तीस-तीस भरती केले. आमचे पेशंट तुमच्या खोलीत गेले की सुधारतात. औषध द्यायच्या आधीच! जरा हळू ओरडा ना."

"मॅडम, छातीत हवा आहे तर ती बाहेर यायला नको?"

मॅडमनी संशोधनाची नियमावली उघडली आणि परत मिटली. कारण सव्विसाव्या पानावर तंत्रज्ञाने रुग्णास 'जोमदार प्रोत्साहन' द्यावे असं स्पष्ट लिहिलेलं होतं. शिवाय सगळे आलेख जिथे तपासले जायचे त्या लांबच्या शहरातून मास्तरांच्या आलेखांना दर वेळी 'अ' दर्जा यायचा. मॅडमच्या नशिबी उत्कृष्ट आलेख आणि रिकामी यादी.

मग पंधरावा रुग्ण आला, तो मास्तरांचा थोरला भाऊ.

दादांनी छत्तीस वर्षं वेल्डिंग केलं होतं आणि उरलेल्या वेळात सिगारेटी ओढल्या होत्या. गेल्या हिवाळ्यात ते नऊ दिवस समोरच्या अतिदक्षता विभागात होते, तोंडावर घट्ट मास्क आणि शेजारी यंत्र. मास्तरांच्या खोलीत माणूस यंत्रात फुंकत असे, तिथे यंत्र माणसात फुंकत होतं. मास्तर दिवसातून आठ वेळा काचेशी जाऊन उभे राहायचे. ओरडून काही होण्यासारखं नव्हतं, म्हणून परत यायचे. दादा वाचले. डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं, पुढच्या वेळी सांगता येत नाही.

रुग्णाचा सख्खा भाऊच चाचणी घेणार असेल तर काय, याबद्दल नियमावलीच्या एकशे चाळीस पानांत अवाक्षर नव्हतं. या संशोधनाच्या यंत्रावर चाचणी घ्यायचा परवाना विभागात एकट्या मास्तरांकडे होता. मॅडमनी वर लिहून विचारलं. वरून उत्तर आलं: निकषांत नात्याचा उल्लेख नाही.

चाचणीच्या चार दिवस आधी वहिनी मास्तरांच्या घरी आल्या. पिशवी मांडीवरून खाली ठेवेनात, म्हणजे बोलायला आल्या होत्या.

"भाऊजी, एक विचारू? रागवायचं नाही."

"विचारा ना."

"तुम्ही ओरडला नाहीत, तर त्यांचं किती येईल?"

मास्तरांना आकडा तिथल्या तिथे सांगता आला असता. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला, त्यात पाणी नव्हतं, परत ठेवला.

"वहिनी, तसं नसतं ते."

"कसं असतं मग? परवा तुम्हीच म्हणालात, तुमच्यामुळे नऊ जणांची गाडी चुकली. हे दाढी दोन हप्त्यांत करतात हल्ली. अर्धी चहाच्या आधी, अर्धी चहानंतर. मधेच कुणी आलं तर मी सांगते, नवी फॅशन आहे."

"निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी देतात त्यात."

"देऊ देत. महिन्याच्या महिन्याला कुणीतरी त्यांची छाती बघेल. फोन करेल, आजोबा कसे आहात म्हणून. इथे आम्ही दोघंच एकमेकांना विचारतो. मी विचारते, बरं वाटतंय का. ते म्हणतात, हो. दोघांनाही ठाऊक असतं." वहिनींनी पिशवीचे बंद सरळ केले. "ते नऊ दिवस मी त्या मशीनचा आकडा बघत बसले होते, भाऊजी. परत नाही बघायचा मला. तुम्ही फक्त गप्प बसा. एकदाच."

"हे आणि गप्प!" मास्तरांची बायको आतून म्हणाली. "मुहूर्त सांगून ठेवा, मीही येते बघायला."

वहिनी हसल्या नाहीत. मास्तरांनी मान हलवली. ती होकारार्थी होती की नुसती हलली हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं, पण वहिनींनी होकार समजून पिशवी उचलली.

पुढचे चार दिवस मास्तरांनी स्वतःशी वाद घातला. आकडा बदलायचा नव्हता, खोटं लिहायचं नव्हतं, यंत्रात ढवळाढवळ नव्हती. जोमदार प्रोत्साहन द्यायचं नाही, एवढंच. न ओरडणं हा गुन्हा असेल तर जगातले बहुतेक लोक तो रोज करतात. युक्तिवाद बिनतोड होता. तरी तो मनातल्या मनात म्हणतानाही मास्तर आवाज खाली घ्यायचे, आणि हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

दादा इस्त्रीचा शर्ट घालून आले. खिशाला पेन. मुलाखतीला आल्यासारखे. वहिनी बाहेर बाकावर बसल्या.

"इथेच ओरडतोस होय?" दादा म्हणाले. मधे थांबले, श्वास घेतला. "केवढीशी खोली. आवाज मावतो कसा?"

"बसा काका," मास्तर सवयीने म्हणाले.

"काका कुणाला म्हणतोस? नऊ वर्षांनी मोठा आहे फक्त!"

नाकाला चिमटा लागला. मास्तरांनी बटण दाबलं आणि उजवा हात पँटच्या खिशात घातला. तिथे किल्ल्या होत्या, त्या घट्ट धरल्या.

"श्वास घे. फुंक."

बोलण्याची ही पद्धत लिफ्टमधल्या यंत्राची असते. दादांनी श्वास घेतला, फुंकला. सत्तेचाळीस टक्के.

दुसऱ्यांदा. "घे. फुंक." अठ्ठेचाळीस.

दादांनी चिमटा काढला. "बरोबर करतोय ना मी? बाहेर तो म्हातारा सांगत होता, फार ओरडून घेतात. तू तर... बँकेत बसल्यासारखा."

"बरोबर चाललंय."

"मग ठीक."

एकच फुंकर उरली होती. बटण दाबून मास्तर बाजूला झाले. दादा श्वास घेऊ लागले. खांदे उचलले गेले, गळ्याची हाडं वर आली, आणि तिथेच थांबली. थांबायची वेळ नव्हती. अजून जागा होती. हे विचार करून कळण्यासारखं नव्हतं. शिंप्याला तिरकी शिवण दिसते तशी ती जागा मास्तरांना दिसली. तोंड त्यांनी दात आवळून बंद ठेवलं होतं. किल्ल्या जमिनीवर पडल्याचा आवाज झाला तेव्हा त्यांना कळलं की हात खिशात नाही.

हात खांद्याच्या वर होता. तळवा चढत होता. दादांचे डोळे त्या तळव्यावर खिळले होते आणि तळव्याबरोबर छाती चढत होती, कानापर्यंत, कानाच्या वर, अजून चिमूटभर. हात कोसळला. दादांनी फुंकलं. चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा दोरीसारख्या उभ्या राहिल्या, पेन खिशातून पुढे झुकलं, आणि सात सेकंदांनंतर नळी तोंडातून निघाली.

"शाब्बास!" मास्तर ओरडले.

बाहेर बाकावर वहिनींनी ते ऐकलं. अतिदक्षता विभागाच्या काचेनेही ऐकलं असावं.

पडद्यावर बावन्न होतं.

यंत्र दर फुंकरीनंतर एक प्रश्न विचारतं: ग्राह्य की अग्राह्य? अग्राह्य निवडलं तर कारणांची यादी उघडते आणि पहिलंच कारण असतं, खोकला. दादांना दिवसातून चाळीस वेळा खोकला येत असे. त्या सात सेकंदांत नेमका आला नव्हता. हे पाहणारं खोलीत तिसरं कुणी नव्हतं. मास्तरांचं बोट यादीपर्यंत गेलं.

"किती आलं?" दादांनी विचारलं.

"बावन्न."

"आणि आधी?"

"अठ्ठेचाळीस."

"वाढलं की!" दादा खुर्चीत ताठ बसले. दम खात होते, पण तोंडभर हसत होते. गेल्या हिवाळ्यापासून ज्याने त्याने त्यांना, ते काय काय करू शकत नाहीत, एवढंच सांगितलं होतं. "बघ, अजून आहे. ती उगाच घाबरते. कागद निघतो का याचा? एक दे. तिला दाखवतो."

मास्तरांनी ग्राह्य दाबलं.

कागद निघाला. तो हातात देताना सांगणं भाग होतं. "दादा, त्या औषधासाठी पन्नासच्या खाली लागतं."

दादांनी कागदाकडे पाहिलं. बोलायला पुरेसा श्वास गोळा व्हायला वेळ लागला.

"म्हणजे जास्त मार्क मिळाले म्हणून नापास?"

"हो."

"आपल्या घराण्यात हे पहिल्यांदाच," दादा म्हणाले आणि हसायला लागले. हसताहसता खोकला आला, मोठा, लांबलचक, सगळ्या अर्थांनी ग्राह्य. मास्तर त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

वहिनी दारात आल्या होत्या.

"बोलला नाहीत ना तुम्ही, भाऊजी?"

"नाही वहिनी. तोंड बंद होतं." त्यांनी उजवा हात पुढे केला, जणू दुसऱ्या कुणाचा आहे.

वहिनींनी हाताकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या हातातल्या कागदाकडे, मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडे. तो चेहरा अजून थोडा खूश होता. 

"चला," त्या म्हणाल्या. "कागदाची घडी नका घालू, चुरगळेल. मी धरते."

मॅडमनी फॉर्म भरला. 'परत आलेला दहावा' म्हणायचं त्यांनी टाळलं. चार दिवसांनी लांबच्या शहरातून आलेखाला 'अ' दर्जा आला, शेरा उत्कृष्ट प्रयत्न. आणि फाइलमध्ये शेवटची नोंद झाली ती अशी: सदर इच्छुक छाननीत अपात्र. कारण, आजाराची तीव्रता अपुरी.

दादा तिसऱ्या मजल्यावर राहतात. इमारतीला लिफ्ट नाही. त्या दुपारी वर पोचायला त्यांना एकवीस मिनिटं लागली.