नानाखेड्यातले जपानी विमान

पुणे स्टेशनवर सामान तपासणाऱ्या यंत्रातून माझी बॅग बाहेर आली आणि पडद्यासमोर बसलेल्या महिला पोलिसाने हात वर केला. पडद्यावर हात, पाय, डोके असलेली एक छोटी लोखंडी आकृती स्वच्छ दिसत होती.

"मॅडम, हे काय आहे?"

"खेळणं आहे."

"मुलांचं?"

"नाही, माझं."

बॅग उघडावीच लागली. मी तो रोबो बाहेर काढला, त्याचे पाय पोटात घेतले, छाती पुढे ओढली, हात मागे मुडपले आणि तिच्या टेबलावर लाल रंगाचा ट्रक उभा केला. मागची रांग खोळंबली होती, पण कोणी कुरकुरले नाही. "परत एकदा करा ना," असे पोलीसबाईच म्हणाल्या. गाडी सुटायला वेळ होता, म्हणून मी परत एकदा केले.

मी दातांची डॉक्टर आहे आणि मला हा नाद आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये अशा रोबोंची एक मालिका निघाली होती. मोटारी, क्रेन, विमाने, सगळी धातूची आणि जड. चार-पाच ठिकाणी वळवली की त्यांचा माणसासारखा रोबो व्हायचा. बसायच्या जागेत नखाएवढा चालक असायचा आणि त्याच्या पायांत चुंबक. पुढे जगभर प्रसिद्ध झालेले रोबो यांचेच वंशज. मुळातली ही खेळणी आता दुर्मीळ झाली आहेत आणि त्यांच्यामागे वेडे झालेले आम्ही लोक इंटरनेटवरच्या एका गटात एकमेकांना भेटतो.

श्रीधरकाका मला तिथेच भेटले. उज्जैनचे मराठी माणूस. पूर्वज दरबारी चाकरीसाठी माळव्यात आले ते तिथलेच झाले. काका कापड गिरणीत इंजिनिअर होते. तरुणपणी गिरणीने त्यांना यंत्रमागांचे प्रशिक्षण घ्यायला जपानला पाठवले. तिथून त्यांनी काकूंसाठी एक छत्री आणली आणि स्वतःसाठी पेटीभर रोबो. कुठला सांधा आधी वळवायचा हे ते मला फोनवर समजावून सांगत. गेले काही महिने मात्र ते गप्प होते. मग अचानक निरोप आला, "येऊन घेऊन जा. पांढरं विमान तुमचं."

त्या पांढऱ्या विमानासाठी मी किती वर्षे झुरत होते ते गटातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मी कारणही विचारले नाही. सरळ तिकीट काढले.

सकाळी उज्जैनला उतरले तेव्हा हवेत गारवा होता. देवास गेटजवळ एका हातगाडीवर पोह्यांच्या कढईतून वाफ निघत होती. इथले पोहे आपल्यासारखे परततात, पण वाफेवरच ठेवतात, त्यामुळे मऊसूत लागतात. वर मूठभर शेव, डाळिंबाचे दाणे आणि जीरावन (जिरे, आमचूर, काळे मीठ वगैरेंची आंबटतिखट पूड). सोबत गरम जिलेबी. एक घास तिखट, एक घास गोड, असे खायचे असते हे शेजारी उभ्या असलेल्या वकिलीच्या काळ्या कोटातल्या गृहस्थांनी मला न विचारता शिकवले.

"पहली बार आई हैं?" त्यांनी विचारले.

"हो... हाँ."

"महाकाल के दर्शन को?"

"नहीं, एक हवाई जहाज़ लेने."

त्यांनी जिलेबी तोंडाशी थांबवून माझ्याकडे पाहिले आणि विषय तिथेच सोडला.

काकांच्या घरी, नानाखेड्याला जायला ई-रिक्षा केली. तिथे एकसारख्या नावांच्या दोन वसाहती आहेत हे मला कोणी सांगितले नव्हते. चालकाने मला चुकीच्या वसाहतीत, चुकीच्या दारापुढे उतरवले. दार उघडणाऱ्या बाईंनी मी नव्या सुनेची मावशी आहे असे समजून मला आत बसवले आणि पाणीही दिले. मुद्द्यावर यायला वेळ लागला. मग त्यांचे यजमान स्वतः स्कूटरवरून मला योग्य घरी सोडून आले.

दार नलिनीकाकूंनी उघडले. सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा, चेहऱ्यावर हसू आणि त्या हसण्याच्या मागे काहीतरी दडलेले. "या, या. हे सकाळपासून बाल्कनीत जाऊन-जाऊन बघून राहिले होते. मीच म्हटलं, आता बसा शांत."

काका खिडकीशी खुर्चीत होते. त्यांनी नमस्कारासाठी डावा हात उचलला. उजवा हात मांडीवरच्या उशीवर पडून होता. तेव्हा मला त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ कळला.

"लकवा," ते सहज म्हणाले. "पाय सुधारला, बोलणं सुधारलं. हात मात्र जिद्दी निघाला. म्हटलं, चलो, शौक पूरा झाला. समजणाऱ्या माणसाकडे जाऊ दे सगळं."

कोपऱ्यात खोके होते. एकेक रोबो वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला. सगळ्यात वर पांढरे विमान. मी ते हातात घेतले आणि खरे सांगते, त्या क्षणी मला काकांच्या हाताचाही विसर पडला. इतके ते देखणे होते. टोकदार नाक, लाल पट्टे, काचेखाली बसलेला इवलासा चालक.

चहाचे कप ठेवायला मी स्वयंपाकघरात गेले, तेव्हा काकू ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"मी या सामानाला आयुष्यभर भंगार म्हटलं," त्या म्हणाल्या. "रोज संध्याकाळी बाहेर खटखट चालायची. मी ओरडायची, टीव्ही ऐकू येत नाही म्हणून. आता टीव्ही एकदम साफ ऐकू येतो." त्यांनी कप माझ्या हातून घेऊन नळाखाली धरले. "खोकं बांधलं त्या दिवशी हे जेवले नाहीत. पण तुम्ही इतक्या दुरून आलात, तुम्हाला नेऊ नका कसं म्हणू?"

 मला विमान हवे होते आणि ते आता बाहेर टेबलावर माझेच म्हणून ठेवलेले होते. मी बाहेर आले आणि मनातला गोंधळ टाळण्यासाठी म्हटले, "काका, नेण्याआधी एकदा तुमच्यासमोर करून बघते. पंखांचा सांधा जुना झालाय."

"आधी नाक खाली. हळू. आता शेपटी फाकवा. नाही, नाही, मान अडकेल!"

मी अडकले. मुद्दाम नव्हे, खरोखरच. पंख धरावे तर पाय मिटत होते, पाय धरावेत तर नाक सुटत होते. "काकू, जरा इकडे या," मी हाक मारली. "हे एवढं धरा."

काकूंनी पदराला हात पुसून पंख धरला.

"अगं, तो पंख नाही, तो पाय आहे," काका म्हणाले.

"अहो, पंखासारखा दिसतो तर पंखच म्हणणार ना!"

"आत्ता पंख आहे. पण आता त्याचा पाय होणार."

"मग आधी ठरवा काय ते, नंतर मला सांगा."

मला हसू आवरेना. माझा हात सुटला आणि विमान टेबलावर घसरू लागले. काका झटकन पुढे वाकले. डाव्या हाताने उजवा हात उचलून त्यांनी विमानाच्या शेपटीवर ठेवला, वजन ठेवावे तसा. विमान जागच्या जागी थांबले. "आता," ते काकूंना म्हणाले, "तू तिकडून ओढ, मी इकडून दाबतो." डाव्या अंगठ्याने त्यांनी सांधा दाबला, काकूंनी ओढले आणि खट्ट असा आवाज झाला. पाय खाली आले, पाठोपाठ छातीतून डोके वर आले.

माझे दोन्ही हात रिकामे होते. मी कधी मागे सरकले तेही मला कळले नव्हते.

काका आधी हसले, मग त्यांचे डोळे भरले आणि मग ते पुन्हा हसले. काकूंनी रोबो फिरवून-फिरवून पाहिला. "आता परत विमान करू," त्या म्हणाल्या. "पण या वेळी तुम्ही ओरडायचं नाही."

विमान झाले. परत रोबो झाला. तिसऱ्या खेपेला काका काही बोलण्याआधीच काकूंनी नाक खाली केले. मग त्यांनी रोबो दोन्ही हातांनी टीव्हीशेजारी उभा केला आणि मागे न वळता म्हणाल्या, "हे जाणार नाही."

"नलू, मी शब्द दिलाय."

"शब्द तुम्ही दिला. मी नाही."

दोघेही माझ्याकडे पाहू लागले. मला ते विमान अजूनही हवे होते, ते कशाला लपवू? पण आवाज मोकळा निघाला. "काका, मी कशाला नेऊ? याला तीन हात लागतात. माझ्याकडे दोनच आहेत."

खोके कोपऱ्यातच राहिले. दुपारी दाल-बाफले (उकडून मग भाजलेले कणकेचे गोळे, तुपात बुडवलेले) जेवलो. संध्याकाळी काकांनीच फ्रीगंजच्या बाजारात जायची टूम काढली. आजारपणानंतर ते डॉक्टरकडे सोडून कुठेच गेले नव्हते. टॉवर चौकात दिवे लागले होते, चाटच्या गाड्यांभोवती गर्दी होती. काठी टेकत निघालेल्या काकांना पाहून एक मिठाईवाला गल्ल्यावरून उठून बाहेर आला. "अरे अंकलजी! कहाँ थे इतने दिन?"

"हवाई जहाज़ उड़ा रहे थे," काकूंनीच उत्तर दिले.

त्याने आम्हाला मावाबाटी खाऊ घातली. खव्याची, गुलाबजामच्या दुप्पट, आत वेलदोडा आणि चारोळ्या. काकांनी डाव्या हाताने खाल्ली, शर्टावर पाक सांडला आणि काकूंनी तो पुसताना त्यांना भरपूर ऐकवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच रामघाटावर गेले. क्षिप्रा संथ होती. एक आजोबा पाण्यात उभे राहून नातीला सूर्याला अर्घ्य द्यायला शिकवत होते आणि ती प्रत्येक वेळी पाणी स्वतःच्याच पायावर ओतत होती. महाकालाच्या रांगेत मनसोक्त उभी राहिले. गाभाऱ्यासमोर आले तेव्हा काय मागायचे होते तेच आठवेना. मग काकांच्या उजव्या हातासाठी हात जोडले आणि गर्दीने मला पुढे ढकलले.

घरी पोचले तेव्हा नवऱ्याने कपाटातल्या मी मुद्दाम मोकळ्या ठेवलेल्या जागेकडे पाहिले आणि विचारले, "विमान कुठे आहे?" मी सगळे सांगायला बसले. सांगता-सांगता लक्षात आले की मी विमानाबद्दल फारसे बोलतच नाही. काकूंच्या ओल्या हातांबद्दल बोलते आहे, त्या हसण्याबद्दल बोलते आहे. हवी ती वस्तू न मिळता इतक्या आनंदात मी कुठल्याच प्रवासाहून परतले नव्हते. कपाटातली जागा अजून मोकळी आहे. तिच्याकडे पाहून अधूनमधून हळहळतेही. पण एकदाही असे वाटले नाही की तेव्हा विमान घेऊन यायला हवे होते.

परवा दवाखान्यात फोन आला. काकू होत्या. "डॉक्टर, ती पिवळी क्रेन उघडलीय. हे म्हणतात आधी हात काढायचे, मी म्हणते आधी चाकं. तुम्ही सांगा, कोण बरोबर?"

"काकू, आधी कंबर फिरवायची. दोघेही चूक."

काकूंनी फोन स्पीकरवर टाकला. मग दोघेही एकाच वेळी माझ्याशी भांडू लागले.