घोंगडीतला कोष

अंबुबाईंना अळीची किळस कधी आली नाही. मी जीवशास्त्राचा निवृत्त मास्तर, मला मात्र अजून थोडी येते. तीस वर्षं मी ती पोरांपासून लपवली.

सोलापूरच्या कडेला एका रोपवाटिकेत आम्ही फुलपाखरांसाठी जाळीची खोली केली होती. अंबुबाई तिथं रोपांना पाणी घालायच्या. सांगोल्याकडच्या धनगर. नवरा गेला, मेंढरं विकली आणि त्या शहरात लेकीकडं, रुपालीकडं आल्या. एकदा मी त्यांना चिंचेच्या पानावरचं बारीकसं अंडं दाखवलं. म्हटलं, यातून काळा राजा नावाचं रानातलं फुलपाखरू निघेल. फुलांकडं ते फारसं फिरकत नाही, सडकी फळं आणि झाडाचा चीक पितं.

"राजाचं खाणं बघा की," त्या हसल्या.

त्या हंगामात अकरा अळ्या झाल्या. हिरव्यागार, डोक्यावर शिंगं. अंबुबाई त्यांना 'माझी बकरी' म्हणायच्या. रोज कोवळा पाला आणायच्या, लेंड्या झाडायच्या. माझं तोंड अखंड चालू असायचं. ओला पाला घालू नका, मुंग्या येऊ देऊ नका, दार उघडं टाकू नका. तरीही कुठून तरी बारीक माश्या शिरल्याच. त्यांनी अळ्यांच्या अंगात अंडी घातली आणि दहा अळ्या आतून पोखरल्या जाऊन मेल्या. उरली एक. ती डहाळीला उलटी लटकली आणि तिचा हिरवा कोष झाला.

त्या दिवशी अंबुबाई जाळीपाशी बसून राहिल्या.

"सर, जलमभर कोकरं वाढिवली. बाटलीनं दूध पाजलं. समदी खाटकाकडं गेली. पोट हाय, काय करणार? पर वाढवून सोडून दिलंय, असं एकबी न्हाय. ह्यो एक तरी उडू दे."

मी "उडेल की" म्हणालो आणि आठ दिवस लेकाकडे पुण्याला गेलो. डिसेंबर होता, त्यात थंडीची लाट आली.

परत आलो तर राजा जमिनीवर सरपटत होता. पंख चुरगळून वाळलेले. कोष गारठेल म्हणून अंबुबाईंनी त्याचा देठ तोडला होता, कोकराची नाळ तोडतात तसा, आणि तो घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवला होता. थंडीत जन्मलेली कितीतरी कोकरं त्यांनी अशीच जगवली होती.

मी भडकलो. "अहो, त्याला लटकूनच बाहेर यावं लागतं! खाली लोंबल्याशिवाय पंख पसरत नाहीत."

"मग हे आदी सांगायचं न्हाई व्हय, सर?"

नव्हतं सांगितलं. एवढ्या सूचना दिल्या आणि नेमकी हीच राहिली, कारण ती मला सांगण्यासारखीच वाटली नव्हती. मला माझी लाज वाटली, आजही वाटते.

अंबुबाईंनी त्याला तळहातावर घेऊन नासक्या केळ्याचा रस पाजला. रोज सकाळी त्या त्याला चिंचेच्या बुंध्यावर ठेवायच्या. तो वीतभर चढायचा आणि पडायचा. त्या उचलून पुन्हा ठेवायच्या. नवव्या दिवशी तो चढलाच नाही.

त्यांनी त्याला त्याच घोंगडीच्या तुकड्यात घालून चिंचेखाली पुरलं. हात झटकत त्या म्हणाल्या, "उबेनं कुनी मरतं, हे मला ठाव नव्हतं."

दुसऱ्या दिवसापासून त्या पाणी घालायला येत राहिल्या, पण जाळीच्या खोलीकडे पुन्हा फिरकल्या नाहीत.