भागवतरावांच्या लेकीचं मडकं

ज्ञानेश्वरीनं बारावीनंतर धाराशिवच्या एका चित्रकलेच्या कॉलेजात नाव घातलं, तेव्हा गावानं ते फार मनावर घेतलं नाही. पोरगी हुशार आहे, उद्या एखाद्या शाळेत चित्रं शिकवील, असं सगळे धरून चालले. पण दुसऱ्या वर्षी तिनं सिरॅमिक घेतलं, आणि सिरॅमिक म्हणजे मातीची भांडी करायचं शिक्षण, हे कळल्यावर पारावर जी हसाहशी झाली ती विचारूच नका. सगळ्यांत मोठ्यानं हसले ते तिचे वडील, भागवतराव.

"आमी जल्म काढला मातीत, आमाला कुनी डिग्री दिली न्हाय. अन् हिला मडकं केलं की देनार व्हय!"

हे भागवतराव म्हणजे एक नमुनाच होते. ढोकीजवळच्या त्या लहानशा गावात थोडाफार ऊस लावायचे आणि सगळ्या गावाची टिंगल करायचे. एकुलती एक लेक. मुलगा नाही म्हणून त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही, आणि लेकीला चिडवायची एक संधीही सोडली नाही. माया करायची ती अशीच, दुसरी तऱ्हा त्यांना येतच नव्हती. लेक हॉस्टेलवरून घरी आली की पिशवीकडं बघून विचारायचे, "आज काय फुटायला आनलंय?"

आता यात त्यांची तरी काय चूक? ज्ञानेश्वरीनं पहिल्यांदा आणला तो चहाचा कप. भागवतरावांनी चारचौघांत ऐटीत उचलला, तर कान हातात आणि कप मांडीवर! धोतर भिजलं, मांडी पोळली आणि हे आपले हसतायत. मग तिनं पाण्याचा माठ आणला. तो कमी भाजलेला, रात्रभर झिरपला. सकाळी बघतात तर माठ अर्धा आणि घरभर पाणी. "चला, तुमचं फरशी पुसायचं काम वाचलं," ते बायकोला म्हणाले. बायको अयोध्याबाई पदराआड हसल्या. पुढं वर्षभर ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकावी लागली.

ज्ञानेश्वरीही सगळ्यांबरोबर हसायची. पण तिला लागायचं हो. बापानं एकदा, फक्त एकदा, तिचं भांडं हातात घेऊन "पक्कं झालं" म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. कॉलेजातल्या सरांनी दहा वेळा शाबासकी दिली तरी त्या शाबासकीला बापाच्या त्या दोन शब्दांची सर येणार नव्हती.

मग शेवटच्या वर्षी पोरगी हट्टालाच पेटली. कॉलेजच्या मागं पत्र्याची शेड, चैत्रात आत पाय ठेववत नाही. ही सकाळी साडेसातला तिथं हजर. माती कणकेसारखी मळायची, पण कणकेच्या दसपट जोर लावून, कारण आत हवा राहिली तर भट्टीत भांडं तडकतं. मग तो गोळा चाकाच्या मधोमध बसवायचा. केसभर इकडंतिकडं झाला की भांडं डुगडुगायला लागतं. ज्ञानेश्वरीनं एकेक करत सात मडकी केली आणि सातही तारेनं कापून परत मातीत घातली. बरोबरची मोनिका डोक्याला हात लावायची.

"अगं बाई, चांगलं झालं होतं की! कुणासाठी चाललंय एवढं?"

"आमच्या आण्णांसाठी. त्यांच्या हातात टिकलं पाहिजे."

आठवं मडकं तिनं ठेवलं. गावाकडं भाजतात तसं लाल आणि मऊ तिला नको होतं. गॅसच्या भट्टीत तिनं ते बाराशे अंशांच्या वर नेलं. तेवढ्या आचेला माती वितळायच्या बेतात येते आणि निवली की दगड होते. दीड दिवस भट्टी निवायची वाट बघितली. दार उघडलं तर मडकं ओल्या काळ्या रानाच्या रंगाचं, नितळ. तिनं बोटानं टिचकी मारली. टण्ण! देवळातली घंटा वाजावी तसं. पोरगी शेडमध्ये अक्षरशः नाचली. शनिवारी घरी न्यायचं आणि आण्णांना म्हणायचं, घ्या, आता फोडून दाखवा.

फोन आला गुरुवारी सकाळी. आण्णांच्या छातीत कळ आली, दवाखान्यात नेलंय, लगेच निघ. ती उठली तशी निघाली. निघताना काय मनात आलं कोण जाणे, मडकं ओढणीत गुंडाळून बरोबर घेतलं. खाटेवर पडून असले तरी टिचकी मारून बघतील, तेवढंच बरं वाटेल. एसटीत ते मांडीवर घेऊन बसली होती. अर्ध्या वाटेत दुसरा फोन आला: दवाखान्यात जाऊ नकोस, सरळ घरी ये. मग तिला कुणी काही सांगायची गरज उरली नाही. सगळी वाट ती त्या मडक्याला कवळून बसली.

घरी पुढची तयारी चालली होती. लेकीनंच पाणी द्यायचं असं अयोध्याबाईंनी सांगितलं आणि कुणी आडवं गेलं नाही. अडलं ते भलत्याच ठिकाणी. गावातलं कुंभाराचं घर कधीच पुण्याला गेलेलं, मयताचं मडकं ढोकीहून आणावं लागायचं. आणायला गेलेल्या माणसाची मोटारसायकल खड्ड्यात आदळली आणि तो खापऱ्या घेऊन परत आला. दिवस कलायला लागला होता. अशा वेळी सगळं बघणारे म्हातारे दगडोबा इकडंतिकडं बघायला लागले, आणि ओट्यावर ओढणीतून बाहेर आलेलं ते मडकं त्यांच्या नजरेला पडलं.

"हे काय, मडकंच हाय की! घे पोरी हेच. बापाला लेकीच्या हातचं, दुसरं काय पायजे?"

ज्ञानेश्वरीला बोलायला हवं होतं. हे फुटायचं नाही म्हणून सांगायला हवं होतं. पण तिला वाटलं, आण्णांच्या हातात नाही पडलं, निदान त्यांच्या कामी तरी पडतंय. तिनं मान डोलावली. चुकलीच पोरगी. पण त्या वेळी कुणाचं डोकं ठिकाणावर असतं?

स्मशानात अग्नी दिला. पाण्यानं भरलेलं मडकं खांद्यावर घेऊन ती चितेभोवती चालायला लागली. एकेका फेरीला मागून जीवखड्यानं, म्हणजे त्या कामासाठी उचललेल्या दगडानं, मडक्याला भोक पाडायचं आणि पाण्याची धार सोडायची, ही रीत. दगडोबांनी दगड मारला. टण्ण! भोक नाही, ओरखडासुद्धा नाही. दुसऱ्या फेरीला त्यांनी जोरात मारला, तिसऱ्या फेरीला दोन्ही हातांनी. नुसता घंटेसारखा आवाज घुमत राहिला. थेंबभर पाणी आलं नाही. माणसं एकमेकांकडं बघायला लागली.

"टाक मागं," दगडोबा म्हणाले. "मागं बघू नगं."

तिनं खांद्यावरून मडकं सोडलं. धप्प झालं. फुटल्याचा आवाज आलाच नाही. मडकं गवतातून गडगडत गेलं आणि थांबलं. गर्दीत कुणीतरी पुटपुटलं, "जीव अडकला जनू."

ते ऐकलं आणि ज्ञानेश्वरी मागं वळली. रीतभात गेली खड्ड्यात! तिनं मडकं उचललं, पालथं केलं. ते दोन भागांत घडवलेलं होतं. खालचा भाग चाकावरून उतरवून ठेवला होता, आणि गळा जोडायला बसली तोवर तो जरा जास्तच सुकला होता, त्यामुळं सांधा तेवढा पक्का बसला नव्हता. ती जागा कुणाला दिसत नव्हती, वरून चकाकी होती. पण करणाऱ्या हाताला माहीत होती. तिनं दगडोबांच्या हातातून दगड घेतला, गळ्याखाली दोन बोटं चाचपली, आणि तिथं एकच घाव घातला. मडक्याचे चार तुकडे झाले. मग ती बोंब मारून रडली, सकाळपासून पहिल्यांदा.

परतताना दगडोबांनी सगळ्यांना बजावलं, "ह्यातलं घरी अक्षर बोलायचं न्हाय. त्या माउलीच्या जिवाला घोर लागंल."

तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर अयोध्याबाईंनी लेकीला जवळ बसवलं. तीन दिवस त्यांनी अन्नाला हात लावला नव्हता.

"ज्ञानू, खरं सांग. मडकं लगीच फुटलं न्हवं? अडलं-बिडलं न्हाय ना कुठं?"

ज्ञानेश्वरीनं आईकडं बघितलं. त्या मडक्यापायी गेलेल्या सकाळी, कापून टाकलेली ती सात, भट्टीपुढचा दीड दिवस, सगळं सांगून टाकावंसं तिला वाटलं. ते कसं वाजत होतं, ते सांगायला आता घरात हेच एक माणूस उरलं होतं.

"लगेच फुटलं, आई," ती म्हणाली. "पहिल्याच दगडाला. कच्चंच होतं ते."

"मग सुटले गं बाई," असं म्हणून अयोध्याबाईंनी डोळे पुसले, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा भाकरीचं ताट पुढं ओढलं.