ताई वाचायची, मी ऐकायची

आमच्या घरात वाचायचं काम ताईकडे होतं. तसं कुणी ठरवलं नव्हतं. डिचोलीजवळच्या आमच्या गावात काजूचा हंगाम आणि वार्षिक परीक्षा एकदमच यायच्या. बोंडवांच्या, म्हणजे काजूच्या फळांच्या, ढिगाशी बसून मी बिया पिळून काढायची आणि ताई शेजारी बसून माझा धडा वाचायची. पुस्तक माझ्या हातात आलं की मी एका ओळीवरून भलत्याच ओळीत घसरायची. मग ताई ते काढून घेई. "तुझे हात चिकट. मी वाचतंय, तू फकत आयक." हात धुतलेले असले तरी हेच म्हणायची. मला चारचौघांत लाज वाटू नये म्हणून तिने ही सबब शोधली होती, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

ऐकलेलं माझ्या डोक्यात पक्कं बसायचं. त्या जोरावर दहावी काठावर सुटले. माझं अक्षर पाहून तपासणाऱ्याला दया आली असावी. लग्न होऊन मांद्र्याला आले आणि पर्यटकांना भाड्याने द्यायच्या दोन खोल्या सांभाळू लागले. बस रंगावरून ओळखायची, औषधाची बाटली झाकणावरून. नवऱ्याला वाटायचं, हिला चष्म्याचा कंटाळा. वाटू दे! हे सगळंसुद्धा मी फोनला तोंडी सांगते आहे. तो निमूट लिहून घेतो, ताईसारखा मध्ये बोलत नाही.

मग माझी लेक चौथीत अडली. तोंडी विचारा, घडाघडा सांगेल. पुस्तक पुढे ठेवलं की दातखीळ. वर्गातली मुलं तिला 'ढ' म्हणू लागली. एका सकाळी तिने दप्तर पडवीत ठेवलं आणि म्हणाली, "माका शाळेत जावचा नाय. मी ढ आसंय."

चिडून म्हणाली असती तर मी दोन धपाटे घातले असते. पण तिला ते पटलं होतं. पुढच्या वर्षी पाचवीला मोठ्या शाळेत जायचं, आणि ही पोर आताच पुस्तकांचा नाद सोडून बसली होती.

त्या दिवसांत शाळेत एक तरुण संशोधक बाई यायच्या. मुलं वाचायला कशी शिकतात, याचा त्यांचा अभ्यास चालला होता. मी लेकीला हाताला धरून त्यांच्यापुढे नेऊन बसवलं. त्या म्हणाल्या, बोलणं मूल ऐकून ऐकून उचलतं, वाचणं मात्र शिकवावंच लागतं. अक्षर आणि त्याचा आवाज यांची गाठ काही मुलांच्या डोक्यात लवकर बसत नाही. त्याला डिस्लेक्सिया म्हणतात, आणि त्याचा हुशारीशी काही संबंध नाही.

"घरात आणखी कुणाला असा त्रास आहे?" त्यांनी विचारलं.

"छे!" मी म्हटलं.

त्यांनी लेकीपुढे शब्दांचा एक कागद ठेवला. ती तोंड उघडेना. मला कुठला धीर! "हे बघ, असं," म्हणत मी कागद ओढला आणि झोकात सुरू केलं, "कसोटी, पडवळ, बगळा..."

बाई हसल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "वहिनी, यातला एकही शब्द खरा नाही. मी मुद्दाम बिनअर्थाचे बनवलेत. म्हणजे अंदाज चालत नाही, अक्षर अन् अक्षर वाचावं लागतं."

मी कागदाकडे पुन्हा पाहिलं. पडवळ कुठेच नव्हतं. जन्मभर मी अंदाजाचाच संसार केला होता, तो त्या एका कागदाने उघडा पाडला. लेक माझ्याकडे टक लावून बघत होती.

"आई, तुका पण येना?"

"नाय गो," मी म्हटलं. "कधीच येऊक नाय."

ती हसायला लागली. पोट धरून हसली. कितीतरी दिवसांनी ते हसू ऐकलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी तिने आपणहून दप्तर उचललं.

पुढे बाईंनी आम्हा दोघींना एकत्रच बसवलं. ताटात तांदळाचं पीठ पसरायचं, बोटाने अक्षर गिरवायचं, आवाज मोठ्याने काढायचा, मग दोन आवाज जोडायचे. रोज थोडं. लेक माझ्यापुढे गेली, आणि मला त्याचा हेवा वाटला हेही सांगून टाकते. त्या बाईंचे उपकार मी कुठे फेडू?

यंदा काजूच्या हंगामात आम्ही ताईकडे दोडामार्गला गेलो. ती बिया काढत बसली होती. लेक पुस्तक घेऊन तिच्याशेजारी बसली आणि कासवांचा धडा वाचू लागली. अडखळत, बोट ठेवून, मध्ये थांबत. 'समुद्रकिनारा'पाशी ती अडली. ताईचे ओठ सवयीने हलले. आयुष्यभर माझ्यासाठी तिने हेच केलं होतं.

"मावशी, सांगू नको," लेक म्हणाली. "मी वाचतंय, तू फकत आयक."

ताईने माझ्याकडे पाहिलं. मग चिकट हात मांडीवर ठेवून ती ऐकत बसली.